नेहमीची परवानगी

कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये माणसांना नावं होती, पण ती कुणी वापरत नसे. ज्याच्या हातात जे काम, त्यावरून त्याला हाक. डॉक्टरांकडून आलेल्या मापांमध्ये प्लास्टर ओतून जबड्याचे साचे काढणारे ते प्लास्टरमामा. त्या साच्यांवर मेण लावून दात बसवणारी ती मेणबाई. मालक मात्र सगळ्यांचे मालकच, आणि ते बहुतेक वेळ पलीकडच्या खोलीत फोनवर असत.

मेणबाई सत्तेचाळीस वर्षांची होती. हात इतका बसलेला की गुलाबी मेणात दात रोवताना पट्टी लावून बघावी लागत नसे. वरचा जबडा, खालचा जबडा, दोन्ही बिजागरीच्या सांगाड्यावर चढवायचे, उघडमीट करून बघायची, कुठे दात दातावर आपटतोय ते कान देऊन ऐकायचं. माणूस हसला की त्याचे दात किती दिसावेत हे तिला अर्ध्या मिलिमीटरपर्यंत कळायचं. ती हसणारी माणसं मात्र तिने कधी पाहिली नाहीत. तिच्यापर्यंत पोचायचे ते त्यांचे साचे.

घरी ती आणि आई, दोन खोल्यांत. शेवटची दोन वर्षं आई पलंगावरच होती. संध्याकाळी दाराचा आवाज झाला की आतून प्रश्न यायचा, “आज काय झालं?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? आठ तास काय डोळे मिटून बसली होतीस?”

मग मेणबाईला काहीतरी शोधून काढावं लागे. एका डॉक्टरने माप पाठवलं त्यात माणसाचा एक दात अडकून आला. मालक फोनवर कुणाला तरी ओरडले आणि मग कळलं की तो चुकीचा नंबर होता. आई हसायची, आणि हसताना तोंडावर हात धरायची, कारण तिने कवळी काढून ठेवलेली असायची. मुलगी कवळ्या करते आणि आई बोळकी, असं ती स्वतःच म्हणायची.

आई गेली. सगळं आटोपून कामावर रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी मेणबाई घरी आली, चपला काढल्या आणि दारातच थांबून राहिली. आतून काही आलं नाही. मग ती खुर्चीवर बसली, फोनमध्ये एक नवं पान उघडलं, त्याला नाव दिलं ‘आज काय झालं’, आणि लिहिलं. त्या दिवसापासून रोज लिहायला लागली.

फोनमध्ये लिहिलेलं सगळं आपोआप क्लाउडवर जात होतं. ती व्यवस्था भाचीने करून दिली होती, मोठ्या बहिणीच्या मुलीने. “फोन हरवला तरी काही जाणार नाही, मावशी. सगळं वरती सुरक्षित.” तेव्हा मेणबाई म्हणाली होती, “म्हणजे आमच्याआधी आमची कागदपत्रं ढगात गेली.” त्यावर आईच सगळ्यात जास्त हसली होती.

आईच्या पेन्शनच्या कार्यालयाला मृत्यूच्या दाखल्याची प्रत हवी होती. दाखल्याचा फोटो क्लाउडवर होता आणि छापायचं यंत्र लॅबमध्ये. एका दुपारी तिने कोपऱ्यातला कॉम्प्युटर उघडला. डॉक्टरांच्या ऑर्डरी त्याच्यावर यायच्या, सगळेच तो वापरायचे. तिने ब्राउझरमध्ये आपलं खातं उघडलं. ब्राउझरने विचारलं, तुमची साठवलेली माहिती मला पाहू द्यायची का? खाली दोन बटणं. वर ‘नेहमी’ आणि त्याखाली ‘फक्त या वेळी’.

तेवढ्यात आतून मालकांची हाक आली. “मेणबाई, ती वरची कवळी कुठाय? डॉक्टरांचा माणूस दारात उभा आहे.”

“आले, आले,” म्हणत तिने वरचं बटण दाबलं. दाखला छापला, ब्राउझरची खिडकी बंद केली, कवळी शोधायला धावली. पुढे तो प्रश्न तिच्या डोक्यातून गेला.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी प्लास्टरमामा तिला म्हणाले, “आज हवा गार आहे.”

मेणबाईने वर पाहिलं. मामा अठ्ठावन्नचे, विधुर, मूलबाळ नाही. अकरा वर्षं तिच्यापासून सहा फुटांवर बसत होते आणि त्या अकरा वर्षांत ‘माप ओतलंय’ आणि ‘साचा सुटला’ यापलीकडे फारसं बोलले नव्हते. “गार आहे खरी,” ती म्हणाली. ते पुढे म्हणाले की गार हवेत प्लास्टर उशिरा घट्ट होतं. मग म्हणाले की कोमट पाणी घ्यावं लागतं. मग म्हणाले की असो.

संध्याकाळी तिने लिहिलं, ‘मामा आज बोलले. चार वाक्यं. त्यातलं एक असो.’

पुढच्या महिन्यांत लॅबमध्ये बऱ्याच गोष्टी सुधारल्या. धूळ खेचणारा पंखा वर्षभर करकरत होता आणि तिचं डोकं दुखायचं. एके दिवशी आली तर पंखा गप्प. कुणीतरी तेल घातलं होतं. दातांचा रंग जुळवताना तिच्या डोळ्यांवर ताण यायचा. सोमवारी टेबलावर पांढरा दिवा. “स्टोअरमध्ये पडून होता,” मामा म्हणाले आणि पाठ फिरवून प्लास्टर कालवायला लागले. एकदा तिची पाठ धरली होती तेव्हा जड साच्यांचं खोकं कुणी न सांगता उचलून ठेवलेलं होतं. मेणबाईला बरं वाटायला लागलं. तिने लिहिलं, ‘माणसं वाईट नसतात. सावकाश असतात एवढंच.’

मग तो गुरुवार आला. एका डॉक्टरांनी पाठवलेल्या दोन मापांवरच्या चिठ्ठ्या अदलाबदल झालेल्या निघाल्या. वरचा जबडा एका बाईचा, खालचा एका आडदांड पुरुषाचा. मेणबाईने दोन्ही सांगाड्यावर चढवले तर खालचा जबडा वरच्याला गिळून टाकेल असा दिसायला लागला. तिने तो मामांना दाखवला. मामा पोट धरून हसले. तिने त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. हसू आवरता आवरता ते म्हणाले, “तुमच्या आईंना आवडलं असतं हे.”

तीही हसली. “फार आवडलं असतं,” म्हणाली.

संध्याकाळी जिना उतरताना तिचा पाय मधल्याच पायरीवर थांबला. आईला ती लॅबमधल्या गमती सांगायची, हे तिने लॅबमध्ये कुणालाही कधी सांगितलेलं नव्हतं. आई गेल्याचंसुद्धा तिने मालकांना फोनवर दोन शब्दांत कळवलं होतं. हे फक्त एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं.

बसस्टॉपवर उभी राहून तिने भाचीला फोन लावला.

“मावशी, मी रस्त्यात आहे, पटकन सांग.”

“माझ्या फोनमधलं दुसरं कुणी वाचू शकतं का गं?”

“काय लिहितेस तू असं?”

“याद्या. सामानाच्या.”

“सामानाच्या याद्या कोण चोरणार? बरं, सेटिंगमध्ये जा. तुझ्या नावावर दाब. खाली ‘प्रवेश कुणाला आहे’ असं दिसतंय?”

“दिसतंय. दोन आहेत. एक माझा फोन.”

“आणि दुसरं?”

मेणबाईने वाचलं. “ब्राउझर. ऑफिस कॉम्प्युटर. परवानगी, नेहमी. शेवटचं उघडलं, आज दुपारी एक बावीस.”

“मग तूच उघडलं असशील.”

एक बावीसला मेणबाई रस्त्यापलीकडच्या बाकावर डबा खात बसली होती. रोजच बसायची. “हो,” ती म्हणाली, “मीच असेन.”

“नसशील तर आधी तो प्रवेश काढून टाक. नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही. ब्राउझरला एकदा नेहमी म्हटलं की तो नेहमीच धरून बसतो. तो काय माणूस आहे विसरायला? मावशी, सगळं ठीक ना?”

“ठीक.”

“रविवारी करते मी फोन,” भाची म्हणाली. तसं ती दर वेळी म्हणायची.

घरी येऊन मेणबाई पिशवी खांद्यावर तशीच ठेवून पलंगाच्या कडेला बसली. त्या ओळीखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्रवेश काढून टाका’. तिने बोट त्यावर नेलं आणि परत घेतलं. आधी तिला बघायचं होतं की काय काय वाचलं गेलंय.

तिने फोनमधलं ते लिखाण पहिल्यापासून उघडलं आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचायला लागली. मामांनी पहिल्यांदा हवेबद्दल बोलण्याच्या आदल्या दिवशी तिने लिहिलं होतं, ‘आज दिवसभर माझ्याशी कुणी बोललं नाही. बसच्या कंडक्टरने पुढे सरका म्हटलं ते धरलं तर एक.’ पंखा गप्प होण्याआधी तीन दिवस पंख्याबद्दल लिहिलं होतं. दिव्याआधी डोळ्यांबद्दल. सगळं ओळीने लागत होतं, वरच्या दातावर खालचा दात बसावा तसं. न्हाणीघराचं दार बाहेरून कुणी किलकिलं करून ठेवलं होतं आणि आपल्याला सात महिने पत्ता नव्हता, असं तिला झालं.

मग ती त्या ओळींपाशी आली. ‘मामा इतकं सावकाश चावतात की वाटतं, स्वतःच्याच कवळीचं माप घेतायत.’ आणि त्याच्या खाली, एका वाईट दिवशी लिहिलेलं, ‘मामांकडे पाहिलं की भीती वाटते. दहा वर्षांनी मी अशीच असेन. भिंतीशी बसून बसून भिंत झालेली.’

हे लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी काय केलं होतं ते तिने पुढे जाऊन पाहिलं. साच्यांचं खोकं उचलून ठेवलं होतं.

तिला राग आला होता. आणि त्या रागाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, तिची तर तिला जास्त लाज वाटली. आपण लिहिलेलं रोज कुणीतरी वाचत होतं, याचं तिला कुठेतरी बरं वाटलं होतं. तिने फोन पालथा ठेवला. लाल बटण तिने त्या दिवशी दाबलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक वाजता ती नेहमीसारखी डबा घेऊन बाहेर पडली. बाकावर बसली, डबा उघडला नाही, आणि एक वीसला परत जिना चढली. लॅबमध्ये मामा एकटेच होते. चष्मा कपाळावर, हात कोपरापर्यंत पांढरे, कॉम्प्युटरसमोर वाकून बसलेले. पाऊल वाजलं तसं त्यांनी मान वळवली. तिला पाहिलं. स्क्रीनवरची खिडकी बंद करायला त्यांचा हात उठला नाही.

“किती दिवस?” मेणबाईने विचारलं.

“सात महिने होतील.”

“सगळं?”

“सगळं. मागचंही.”

“तुम्हाला लाज नाही वाटली?”

“वाटली,” मामा म्हणाले. “रोज वाटायची. पण वाचून झाल्यावर. वाचायच्या आधी वाटली असती तर बरं झालं असतं.”

ती उभीच राहिली. मामा उठायला गेले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत बसले. त्यांनी सांगितलं की ऑर्डरींची यादी शोधताना हे पान समोर आलं. ‘आज काय झालं’ असं नाव होतं. त्यांना वाटलं मालकांनी रोजच्या कामाची नोंद ठेवायचं नवं खूळ काढलंय, आपलं काय लिहिलंय बघू.

“पहिल्या ओळीलाच कळलं की हे आपल्यासाठी नाही. तिथेच थांबायचं होतं.”

“मग का नाही थांबलात?”

“दिवसभर कुणी बोललं नाही, असं लिहिलं होतं तुम्ही. मी सहा फुटांवर होतो, बाई. मला ते माझ्याबद्दल वाटलं.” त्यांनी हातावरची सुकलेल्या प्लास्टरची खपली नखाने काढली. “दुसऱ्या दिवशी बोललो. आणि मग तुम्ही त्याचं काय लिहिलंत ते बघायला परत उघडलं. तुम्ही वाक्यं मोजली होती. मी किती बोलतो हे आजवर कुणी मोजलं नव्हतं.”

“आणि भिंतीचं वाचलंत, तेव्हा?”

“ते खरंच होतं.”

मेणबाईचा आवाज चढला नाही. “पंखा वाजतो का, डोळे दुखतात का, हे तोंडाने विचारायचं होतंत. मी सांगितलं असतं.”

“सांगितलं असतंत?”

तिने क्षणभर विचार केला. तिने म्हटलं असतं, काही नाही, ठीक आहे. दोघांनाही ते माहीत होतं.

“नसतं सांगितलं,” ती म्हणाली. “पण न सांगणं माझ्या हातात होतं. ते तुम्ही काढून घेतलंत. आणि मी इकडे वेड्यासारखी खूश होत होते, की जग सुधारलं म्हणून.”

मामांनी मान खाली घातली.

“उठा,” ती म्हणाली.

ते उठले. ती खुर्चीवर बसली. प्रवेशाची यादी उघडली, या ब्राउझरच्या नावावर गेली, लाल बटण दाबलं. ब्राउझरने विचारलं, परवानगी काढून घेतल्यास पुन्हा नव्याने द्यावी लागेल, खात्री आहे का? तिने हो म्हटलं. पान पांढरं झालं. कळफलकावरचं प्लास्टर तिच्या बोटांना लागलं होतं, ते तिने पदराला पुसलं.

“मालकांना सांगणार असाल तर सांगा,” मामा म्हणाले. “चूक माझी आहे, मी ऐकून घेईन.”

“त्यांना सांगायचं तर तुम्ही काय वाचलंत तेही सांगावं लागेल.”

ते खरंच होतं, त्यामुळे ती गोष्ट त्या दोघांतच राहिली.

नंतरचे आठवडे कठीण गेले. मामा सकाळी मान हलवायचे, ती मान हलवायची, आणि मग सहा फूट अंतरावर दोन माणसं आठ तास जबडे उघडमीट करत बसायची. एकमेकांची तोंडं मात्र बंद. घरी आल्यावर ती फोन उघडायची, तारीख घालायची आणि थांबायची. एखादं वाक्य लिहायची, खोडायची. आधी आपण कुणासाठीच लिहीत नव्हतो आणि तरी लिहिता येत होतं. आता कुणीही नाही हे पक्कं ठाऊक होतं आणि हात चालत नव्हता. मधूनच ती यादी उघडून बघायची. प्रवेश एकालाच. माझा फोन. सगळं कडेकोट होतं. दार लावून घेतलं होतं आणि आत आपणच होतो, आणखी कुणी नव्हतं. हळूहळू तिने तारीख घालायचंही सोडलं.

भाचीचा एका रविवारी खरंच फोन आला. “त्या ब्राउझरचं काय झालं?” तिने विचारलं.

“काढून टाकलं.”

“शाब्बास, मावशी,” भाची म्हणाली, आणि मग तिच्या मुलाच्या परीक्षेबद्दल सांगत बसली.

दोन महिन्यांनी मामांनी काम सोडलं. हातांची कातडी सोलपटून निघत होती आणि डॉक्टरांनी प्लास्टरला हात लावायला मनाई केली. दुसऱ्या गावी त्यांची थोरली बहीण होती, तिच्याकडे राहायला जाणार होते. शेवटच्या दिवशी मालकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि दोन शब्द बोलायला उभे राहिले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, ते बोलत बोलत आत गेले ते गेलेच.

मामा मेणबाईच्या टेबलाशी आले. हातांना मलम लावून त्यावर पातळ मोजे घातले होते.

“एक विचारायचं होतं, बाई. लॅबच्या यादीत तुमचा नंबर आहे, तो माझ्या फोनमध्ये आहे. कधीतरी फोन केला तर चालेल का? नको असेल तर आत्ता तुमच्यासमोर काढून टाकतो.”

मेणबाई हातातल्या मेणाच्या पट्टीकडे बघत राहिली. मेण गार होऊन कडक झालं, आता ते परत ज्योतीवर धरावं लागणार होतं. तिने त्यांना माफ केलं होतं का, हे तिला सांगता आलं नसतं. तिला एवढंच कळत होतं की त्यांनी या वेळी विचारलं होतं.

“रविवारी,” ती म्हणाली. “सकाळी दहानंतर. इतर दिवशी नको.”

“बरं.”

“आणि माझ्या आईबद्दल तुम्ही बोलायचं नाही. मी काढला विषय तर गोष्ट वेगळी.”

“बरं,” मामा म्हणाले, आणि मोज्यांतले हात जोडून निघाले.

पहिल्या रविवारी फोन आला नाही. तिने दहापर्यंत कपडे धुऊन घेतले होते. ते वाळत घातले, परत एकदा पिळून घातले. दुसऱ्या रविवारी दहा वाजून दहा मिनिटांनी आला. मामा म्हणाले, मागच्या रविवारी फोन लावायला घेतला होता, पण काय बोलायचं ते सुचेना. मग म्हणाले बहिणीला कमी ऐकू येतं, त्यामुळे घरात सगळं ओरडून चालतं, आणि आपला आवाज इतका मोठा आहे हे आपल्याला साठीला आल्यावर कळतंय. मेणबाईने हसू दाबलं.

“नवीन माणूस कसा आहे प्लास्टरला?” त्यांनी विचारलं.

“बाई आहे. घट्ट कालवते. बुडबुडे राहतात.”

“तिला म्हणावं, साचा यंत्राच्या थरथरत्या टेबलावर जास्त वेळ ठेव. वरून टिचक्या मारून काही होत नाही.”

“सांगते.”

पूर्वी इथेच मेणबाईने ‘चला, ठेवते’ म्हटलं असतं. ती फोन घेऊन खिडकीपाशी गेली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी उन्हात टाकत होतं.

“मी तीन दिवस तापाने पडून होते,” ती म्हणाली. “मालकांना घरी काम आहे म्हणून सांगितलं. भाचीलाही बोलले नाही.”

“मला काहीच माहीत नाही,” मामा हळूच म्हणाले.

“माहीत नाही म्हणूनच सांगतेय.”

“आता कसं आहे? कधीपासून होता?”

सोमवारी सकाळी जिन्यात पाय भरून आले, तिथपासून तिने सांगायला घेतलं. पाणी आणायला उठायचं म्हणून तासभर कशी पडून राहिली, तेही सांगितलं. मामा मधूनमधून हं म्हणत होते. त्यांच्याकडे मागे टीव्ही मोठ्याने लागला होता. तो त्यांनी उठून बंद केला, आणि बहिणीने का म्हणून विचारलं तेव्हा ओरडून सांगितलं की एक जणी बोलतेय, मला ऐकू येत नाही.